चौकातल्या मामाची हवा

सकाळी मोबाईल उघडला की शहराच्या हवेचा आकडा दिसतो. रंग हिरवा असला की आपण निश्चिंत. पण कॉलेजजवळच्या चौकात तोंडाला रुमाल बांधून उभा असलेला ट्रॅफिकचा मामा कुठली हवा घेतो, हे त्या आकड्यातून कळतं का? नाही कळत. का, ते बघू. थोडं गणित आहे, पण एम-थ्रीपेक्षा नक्कीच सोपं.

वाहनांच्या धुरातला एक मुख्य वायू म्हणजे नायट्रोजन डायॉक्साइड. आपल्या देशाच्या २००९ च्या मानकांनुसार त्याची २४ तासांची मर्यादा घनमीटरला ८० मायक्रोग्रॅम आहे. आता समजा, एका चौकात सकाळचे दोन आणि संध्याकाळचे दोन तास हे प्रमाण २२० असतं आणि बाकीचे २० तास ५०. सरासरी काढा. ७८ येते, म्हणजे मर्यादेच्या आत, शेरा ‘समाधानकारक’! आणि मामाची ड्यूटी नेमकी त्या चार तासांत. जागतिक आरोग्य संघटनेने एका तासासाठी २०० ची मर्यादा सुचवली आहे. आपल्या मानकांत या वायूसाठी तासाची मर्यादाच नाही, फक्त दिवसाची आणि वर्षाची. म्हणजे आकडा खोटा नसतो, पण तो मामासाठी काढलेलाच नसतो.

त्यात मोजणीच्या सोयी-गैरसोयी आल्या. हाताने चालवायच्या केंद्रांवर आठवड्यातून दोनदा, वर्षाला १०४ दिवस नमुने घ्यायचे असा नियम आहे. यंत्राचं हवा ओढणारं तोंड जमिनीपासून ३ ते १० मीटर उंचीवर ठेवतात. मामाचं नाक असतं दीड मीटरवर! पुण्यात भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेची ‘सफर’ यंत्रणा २०१३ पासून आली (दिल्लीत ती २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांच्या वेळी सुरू झाली होती), त्यामुळे सतत मोजणी आणि अंदाज दोन्ही मिळू लागले. पण असं यंत्र लाखो रुपयांचं, ते प्रत्येक चौकात कोण बसवणार? म्हणून मॉडेल लागतं.

सगळ्यात साधं मॉडेल रस्त्याला धुराची एक लांबलचक रेघ समजतं. ताशी ३,६०० वाहनं म्हणजे सेकंदाला एक. प्रत्येक वाहन किलोमीटरला १ ग्रॅम नायट्रोजनचे ऑक्साइड सोडत असेल, तर रस्त्याच्या दर मीटरमागे दर सेकंदाला १ मिलिग्रॅम धूर निघतो. वारा रस्त्याला काटकोनात वाहतोय असं धरा. धूर उभ्या दिशेने किती पसरला ते सांगणारा आकडा म्हणजे सिग्मा-झेड, तोच आपला नॉर्मल डिस्ट्रिब्युशनवाला. ढगाळ दिवशी मोकळ्या जागेत रस्त्यापासून १०० मीटरवर तो ५ मीटरच्या आसपास असतो. आता सूत्र: धुराची दुप्पट करा आणि तिला २.५ (दोन पायचं वर्गमूळ), सिग्मा-झेड आणि वाऱ्याचा वेग या तिघांच्या गुणाकाराने भागा. वारा सेकंदाला २ मीटर असेल तर उत्तर ०.०८ मिलिग्रॅम, म्हणजे ८० मायक्रोग्रॅम. वारा अर्धा झाला की १६०. हिवाळ्यातल्या निरभ्र रात्री सिग्मा-झेड २.३ पर्यंत उतरतो, मग तेवढ्याच वाहनांत, त्याच २ मीटरच्या वाऱ्यात, उत्तर १७५ च्या घरात जातं. एकही गाडी वाढलेली नाही! (हे सगळे ऑक्साइड मिळून झाले. धुरांड्यातून बाहेर पडतो तो बहुतेक नायट्रिक ऑक्साइड, हवेतल्या ओझोनशी गाठ पडली की त्याचा डायॉक्साइड होतो.)

अमेरिकेतलं कॅलाइन नावाचं प्रसिद्ध मॉडेल याच विचारावर उभं आहे. पण वारा शून्य टाका, उत्तर अनंत येतं. आपल्याकडच्या हिवाळी पहाटे वारा जवळजवळ शून्यच असतो, तेव्हा परदेशी सॉफ्टवेअर उतरवून घेतलं आणि रन मारला, असं चालत नाही.

दुसरी गंमत उंच इमारतींची. लक्ष्मी रोडसारख्या, दोन्ही बाजूंनी बिल्डिंग असलेल्या रस्त्यावर वारा छपरांवरून आडवा जातो आणि खाली रस्त्यात भोवरा तयार होतो. छपरावर वारा पश्चिमेकडून असेल तर जमिनीलगत तो उलटा, पूर्वेकडून वाहतो, आणि धूर पश्चिमेच्या फुटपाथवर जमतो. म्हणजे वारा येतो त्याच बाजूचा फुटपाथ जास्त घाण! डेन्मार्कमध्ये याच भोवऱ्यासाठी ओएसपीएम हे मॉडेल बनवलं गेलं. बस स्टॉप कुठल्या बाजूला बांधायचा हे ठरवताना हा भोवरा कुणी विचारात घेतला असेल असं मला तरी वाटत नाही.

आता त्या ‘किलोमीटरला १ ग्रॅम’कडे परत येऊ. तो आकडा मी सोयीसाठी धरला होता. खरे आकडे प्रयोगशाळेत गाडी रोलरवर पळवून काढतात. भारतीय वाहनांसाठी हे काम पुण्याच्या एआरएआयने केलं आहे. पण रोलरवरची गाडी आणि रस्त्यावरची गाडी यात फरक पडतो. अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाच्या एका छोट्या गटाने धूर मोजण्याचं यंत्र चालत्या गाडीतच बसवलं, आणि त्यातून पुढे २०१५ मध्ये फोक्सवॅगनचं प्रकरण बाहेर आलं. काही डिझेल गाड्या रस्त्यावर मर्यादेच्या ४० पटींपर्यंत ऑक्साइड सोडत होत्या. इनपुट चुकीचं असेल तर सूत्र बिचारं काय करणार?

फायनल इयरच्या मिनी प्रोजेक्टसाठी कुणी विषय शोधत असेल तर हा घ्या. नायट्रोजन डायॉक्साइड मोजायची एक छोटी प्लॅस्टिकची नळी मिळते, साधारण ७ सेंटिमीटरची. तिच्या बंद टोकाला ट्रायइथेनॉलअमाइन लावलेली जाळी असते. वीज नको, पंप नको. दोन्ही फुटपाथवर आणि होस्टेलच्या गच्चीवर दोन-चार आठवडे टांगून ठेवायची आणि केमिस्ट्री लॅबमध्ये रंगावरून प्रमाण काढायचं. तीही सरासरीच देते, पण मॉडेलची सरासरी तिच्याशी जुळते का ते पाहता येतं. जुळली तर मॉडेलला मामाच्या चार तासांबद्दल विचारायचं. त्यासाठी मात्र चौकात उभं राहून वाहनं मोजावी लागतील, दुचाकी, रिक्षा, कार, बस, ट्रक यांच्या वेगवेगळ्या रेघा मारून. सकाळी साडेआठ ते साडेदहा, पहिलं लेक्चर बुडवून.