पेशीचा लगाम : गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग व अर्बुदरोधक जनुके

पाळी बंद होऊन वर्ष-दोन वर्षे लोटल्यावर पुन्हा रक्तस्राव दिसला, तर आपल्या घरांतील वडीलधाऱ्या स्त्रिया ‘पाळी परत आली’ असे म्हणून गप्प राहतात. वास्तविक, गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाचे हेच सर्वांत ठळक लक्षण होय. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाहून हा आजार निराळा आहे.

इस्ट्रोजेन हे संप्रेरक अस्तराच्या पेशी वाढविते, तर प्रोजेस्टेरॉन त्या वाढीस आवर घालते. शिवाय प्रत्येक पेशीत आतूनही लगाम असतो. तो म्हणजे अर्बुदरोधक जनुके. आई व वडील यांच्याकडून अशा जनुकाची एकेक प्रत मिळते. दोन्ही प्रती निकामी झाल्या म्हणजे लगाम सुटतो, ही कल्पना आल्फ्रेड नडसन यांनी १९७१ मध्ये लहान मुलांच्या डोळ्यांतील अर्बुदाच्या अभ्यासातून मांडली.

अस्तराच्या पेशीत ‘पीटेन’ हे जनुक विशेष महत्त्वाचे. दहाव्या गुणसूत्रावरील या जनुकाचा शोध १९९७ मध्ये लागला. पेशीच्या आवरणातील एका स्निग्ध रेणूला फॉस्फेट जोडला गेला, की ‘वाढ, जगत राहा’ असा निरोप आत जातो. पीटेनचे प्रथिन तो फॉस्फेट काढून टाकते. ते नसेल, तर निरोप थांबतच नाही आणि मरावयाच्या वेळी पेशी मरत नाही. पीटेन नसलेल्या पेशींत प्रयोगशाळेत ते पुन्हा घातले असता त्यांची वाढ मंदावली. पेशी शरीराबाहेर वाढवून न्याहाळण्याची ही विद्या मुंबईच्या कर्करोग संशोधन केंद्रात रुजविली ती पुण्यात जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे यांनी. आपल्या मुलींना हे नाव ठाऊक असावे.

मात्र केवळ पीटेन गेल्याने कर्करोग होतोच असे नाही. निरोगी दिसणाऱ्या अस्तरातही अशा पेशी आढळल्या आहेत. त्यांना प्रोजेस्टेरॉनचा आवर नसलेल्या इस्ट्रोजेनची साथ दीर्घकाळ मिळाली, की धोका वाढतो. पाळी गेल्यावर शरीरातील चरबीच इस्ट्रोजेन तयार करते. म्हणून स्थूलतेचा संबंध.

सतराव्या गुणसूत्रावरील ‘पी-५३’ची गोष्ट वेगळी. इजा झालेल्या पेशीचे विभाजन ते थांबविते. ते बिघडलेला प्रकार तुलनेने विरळ, पण आक्रमक असतो. म्हणूनच आता गाठीच्या तुकड्यात पी-५३ तपासून उपचारांची दिशा ठरविली जाते.

सोनोग्राफीने अस्तराची जाडी कळते. निदान मात्र अस्तराचा तुकडा तपासूनच होते. मौदा येथून नागपूर भंडारा मार्गाने फार दूर नाही. तेथे या तपासण्या होतात. असा रक्तस्राव झालेल्या दहांपैकी सुमारे नऊ स्त्रियांत कर्करोग निघत नाही. ज्यांच्यात निघतो, त्यांचा आजार गर्भाशयापुरताच असेल, तर बहुतेक जणी शस्त्रक्रियेने बऱ्या होतात.