तुझ्या ओपीडीपासून अभ्यासाला लाग

अगं, परवा फोनवर तू म्हणालीस, "ताई, अभ्यासाचा व्हिडिओ लावते आणि थोड्याच वेळात हात आपोआप दुसरीकडे जातो. इच्छाच उरली नाही बघ." आणि लगेच मावशीच्या गुडघेदुखीवर बोलायला लागलीस. मी तेव्हा काही बोलले नाही, कारण फोनवर दोन वाक्यांत सांगण्यासारखं ते नव्हतं. आता निवांत सांगते.

आधी एक कर, स्वतःला आळशी म्हणणं थांबव. तुझा दिवस बघ ना. वेल्ह्यात बाँडवर मेडिकल ऑफिसर. सकाळी ओपीडी, दुपारी रिपोर्टिंग नाहीतर शाळेची तपासणी, रात्री एखादी डिलिव्हरी. त्यातून वेळ काढून फोन उघडलास की नीट-पीजीच्या एकोणीस विषयांचे व्हिडिओ समोर उभे, आणि किती टक्के झालं ते अ‍ॅप रोज दाखवतं. तुझ्या वर्गातल्या मुली पुण्यात अभ्यासिकेत बसल्यात, ग्रुपवर जीटीचे, म्हणजे सराव परीक्षांचे, मार्क टाकतायत. सरकारी कॉलेजातून एमबीबीएस केलं की बाँडप्रमाणे वर्षभर सेवा द्यायची. म्हणजे तुझ्यासारख्या कितीतरी पोरी आत्ता महाराष्ट्रभर अशाच एखाद्या क्वार्टरमध्ये बसून नीट-पीजीचे व्हिडिओ बघतायत. तुला वाटतं तसं हे तुझ्या एकटीच्या स्वभावातलं वैगुण्य नाही.

मन कामाला कशानं लागतं, या विषयावर लोकांनी नीट काम केलंय. डेसी आणि रायन या अमेरिकेतल्या दोघा मानसशास्त्रज्ञांनी मांडलं की माणूस आतून कामाला लागायचा असेल तर तीन गोष्टी लागतात: हे मी स्वतः निवडलंय असं वाटणं, हे मला जमतंय असं वाटणं, आणि आपलं कुणीतरी सोबत आहे असं वाटणं. आपल्याच रश्मी कुसुरकर यांनी नेदरलँड्समध्ये वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या प्रेरणेवर पीएचडी केली आणि हाच विचार मेडिकलच्या शिक्षणात नेला. आता तुझा अभ्यास या तिन्हींवर तपासून बघ. कोणता व्हिडिओ आधी बघायचा ते दुसऱ्या कुणीतरी ठरवलेलं. तास-तास ऐकून झालं तरी आपल्याला काय आलं ते कळत नाही, कारण कुणी काही विचारतच नाही. आणि खोलीत तू एकटी. मन तेच, पण त्याला लागणारं खाणं तीन वेळा चुकवलं तर ते उपाशीच राहणार.

तुझ्याजवळ मात्र एक गोष्ट आहे जी पुण्यातल्या अभ्यासिकेत नाही. दारात येणारा पेशंट.

त्याचं मोल किती, ते एका उदाहरणानं सांगते. भोरहून वरंधा घाट उतरलं की खाली महाड. तिथे जवळच बिरवाडी. १९७६ साली हिंमतराव बावस्कर तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात एमबीबीएस डॉक्टर म्हणून आले. तुझ्यासारखेच. लाल विंचू चावून माणसं मरत होती. भरपूर घाम, गार पडलेले हातपाय, मग फुप्फुसात पाणी. पुस्तकात याचं धड उत्तर नव्हतं, सांगायला वर कुणी सीनियर नव्हता, इंटरनेट तर कुठलं असायला! त्यांनी पेशंटजवळ बसून नाडी, ब्लडप्रेशर, हृदयाची लक्षणं टिपून ठेवली आणि त्या नोंदी जगाला कळवल्या. १९८२ साली त्यांचा लेख 'लॅन्सेट'मध्ये आला. मध्ये पुण्याला जाऊन एमडी केलं आणि परत त्याच भागात आले. रक्तदाबासाठी वापरतात ते प्राझोसिन विंचूदंशावर वापरून त्यांनी असंख्य माणसं वाचवली. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मोठा माणूस म्हणून मी तुला हे सांगत नाही गं. त्यांच्या अभ्यासाचा क्रम बघ. आधी समोर तडफडणारा पेशंट, मग प्रश्न, मग वाचन. आपण ऑनलाइन शिकताना हे नेमकं उलटं करतो आणि मग म्हणतो की मन लागत नाही.

तेव्हा तुझा क्रम पालट. संध्याकाळी अ‍ॅप उघडण्याआधी ओपीडीचं रजिस्टर आठव. आज कुणाबद्दल तुला खात्री नव्हती? एकच पेशंट निवड आणि त्याच्या विषयाचा व्हिडिओ बघ.

पावसाळ्यातलंच घे. भातलावणीचे दिवस, माणसं जमिनीवर झोपलेली. पहाटे एखादा येतो, पोटात दुखतंय म्हणतो, दंशाची खूण दिसत नाही, सूज नाही. तू ॲसिडिटीचं इंजेक्शन द्यायला निघतेस आणि पापण्या जड झालेल्या दिसतात. मण्यार. असा एक पेशंट बघितल्यावर न्यूरोटॉक्सिक सर्पदंशाचा व्हिडिओ कितीही लांब असू दे, तुझे डोळे मिटणार नाहीत. आणि घोणस, फुरसं यांचा विचार आला की वीस मिनिटांची रक्त गोठण्याची चाचणी. कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत दोन मिली रक्त, वीस मिनिटं अजिबात हलवायचं नाही, मग तिरपं करून बघायचं. प्लास्टिकच्या नळीत ही चाचणी चुकते. व्हिडिओत हे दोन वाक्यांत संपतं. तुझ्या केंद्रात काचेची नळी आहे का, हे सिस्टरना विचारायला गेलीस की ते कायमचं तुझं झालं. परीक्षेत तोच प्रश्न आला तर पर्याय वाचायच्या आत उत्तर आठवेल.

दुसरं, बघण्याआधी लिही. व्हिडिओ लावायच्या आधी कागदावर पाच ओळी: मला यातलं काय आठवतंय? संपल्यावर फोन पालथा ठेवून परत पाच ओळी. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांवर हे तपासलं. पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवत होतं, पण आठवड्यानंतर स्वतःला विचारून बघणारे पुढे होते. दुप्पट वेगानं तीन व्हिडिओ संपवले की संपवल्यासारखं वाटतं खरं. त्या समाधानाला फसू नकोस. एकच बघ, पण त्यातलं स्वतःला विचार. आपल्याला जमतंय हे कळलं की उद्या फोन आपसूक हातात येतो.

एक मात्र खरं सांगायला हवं. सगळाच अभ्यास पेशंटवरून येणार नाही. बायोकेमिस्ट्रीतल्या एन्झाइमच्या साखळ्या, दहा लाखांत एकाला होणारे आजार, हे वेल्ह्यात तुला दिसणार नाहीत आणि परीक्षेच्या दोनशे प्रश्नांत ते असणारच, चुकलं की एक मार्क जाणारच. तिथे आवड शोधत बसू नकोस. मला मेडिसिनची सीट हवीय, कारण मला इथेच परत येऊन हृदयाचे पेशंट बघायचेत, असं तू मला मागे सांगितलं होतंस ना? मनापासून पटलेलं असं कारणही माणसाला पुढे नेतं, काम आवडीचं नसलं तरी. त्यासाठी सकाळी ओपीडीआधीचा अर्धा तास राखून ठेव, तेवढाच. रात्री दमल्यावर ते हाती घेऊच नकोस.

नेटवर्कचं रडगाणं मला ठाऊक आहे. पाऊस लागला की लाईट जाते, लाईट गेली की टॉवर जातो. नसरापूरला किंवा भोरला उतरशील तेव्हा आठवड्याचे व्हिडिओ डाउनलोड करून घे, पण आठवड्याचेच. पूर्ण विषय उतरवून ठेवलास की तो टक्क्यांचा आकडा परत छातीवर बसतो.

आणि एकटी राहू नकोस. तुझी ती मैत्रीण आहे ना, मराठवाड्यात बाँडवर आहे ती. रोज रात्री ठराविक वेळी तिला फोन कर, स्पीकरवर. तू तुझी एक केस सांग, तिनं तिची. मार्कांचा विषय काढायचा नाही. जीटीचे आकडे टाकणारा तो ग्रुप म्यूट कर, मी तर म्हणेन सोडूनच दे. त्यातून तुला एकही उत्तर मिळत नाही, फक्त धाप लागते. केंद्रातल्या सिस्टर आणि आशाताईंना आठवड्यातून एकदा पाव तास काहीतरी शिकव, मराठीत. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव शिकव, बाळाची श्वासगती मोजायला शिकव. जे त्यांना समजेल असं सांगता आलं नाही, ते तुलाही अजून आलेलं नाही असं समज.

२०२२ मध्ये युद्धामुळे युक्रेनहून परतलेली मेडिकलची आपली पोरं आठवतात? घरी बसून फोनवर वर्ग करत होती. किती कष्ट केले त्यांनी! पण नुसतं ऑनलाइन घेतलेलं शिक्षण राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं ग्राह्य धरलं नाही, कारण वॉर्ड आणि हात यांची जागा व्हिडिओ घेऊ शकत नाही. तुझ्याकडे ते दोन्ही आहे. बाँडचं वर्ष अभ्यासाच्या आड येतंय असं जे तुला वाटतं, ते मला म्हणूनच पटत नाही.

आता जरा नाजूक बोलते, रागावू नकोस. अभ्यासाचा कंटाळा वेगळा आणि सगळ्याचाच कंटाळा वेगळा. झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, आवडीचं गाणंही नकोसं झालं असेल, रडू येत असेल, तर तो अभ्यासाचा प्रश्नच नाही. पेशंटला तू जे सांगशील तेच स्वतःला सांग. १४४१६ हा टेलिमानसचा नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात, दिवसरात्र चालू असतो. आणि मनात जगण्याचाच वैताग आला तर मला रात्री दोन वाजताही उठव. डॉक्टर मुली हे लपवतात. तू लपवायचं नाहीस.

रविवारी मी नसरापूरला येतेय, बाजाराच्या कामाला. तू डाउनलोडसाठी उतरणारच असशील तर ये. येताना या आठवड्यातली एक केस घेऊन ये, जिथे तू अडलीस ती. कागदावर लिहून आण, मी प्रश्न विचारणार आहे.