समुद्राच्या रंगातून कार्बनचा हिशेब

पृथ्वीवरच्या सगळ्या वनस्पती मिळून वर्षभरात जेवढा कार्बन बांधतात, त्यातला जवळपास निम्मा वाटा समुद्रात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पतींचा असतो. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अंदाजानुसार तो वर्षाला सुमारे ४८ अब्ज टन भरतो. हा हिशेब उपग्रहांच्या मदतीने मांडणं हे एक पूर्णवेळ करिअर आहे, आणि त्याचं शिक्षण आपल्याकडेही मिळतं.

उपग्रहाला उत्पादन दिसत नाही, पाण्याचा रंग दिसतो. हरितद्रव्य निळा प्रकाश शोषतं, त्यामुळे वनस्पती वाढल्या की पाणी हिरवट होतं. पण उपग्रहापर्यंत पोचणाऱ्या प्रकाशातला सुमारे ९० टक्के भाग वातावरणातून आलेला असतो. तो काटेकोरपणे वजा केला तरच समुद्राचा रंग हाती लागतो. मग हरितद्रव्य, पाण्याचं तापमान, ऊन, दिवसाची लांबी यांवरून कार्बनचा अंदाज बांधायचा. बेरेनफेल्ड आणि फाल्कोव्स्की या शास्त्रज्ञांचं १९९७ सालचं सूत्र आजही त्यासाठी वापरतात. पडताळणी मात्र बोटीवर होते: पाण्याच्या बाटलीत कार्बन-१४ मिसळून तो वनस्पतींनी किती घेतला, हे मोजतात. बाटलीतला आकडा आणि संगणकावरचा आकडा जुळला नाही की खरं संशोधन सुरू होतं.

म्हणूनच ‘समुद्राची आवड आहे’ एवढ्या भांडवलावर इथे येऊ नये, असं मला आग्रहाने सांगावंसं वाटतं. गणित आणि भौतिकशास्त्र पक्कं हवं, पायथॉन या संगणकभाषेची भीती नको. जीवशास्त्र पुढे शिकता येतं. बीएस्सीनंतर गोवा विद्यापीठात सागरी विज्ञान, कोचीच्या कुसॅट विद्यापीठात समुद्रविज्ञान, आणि एमएस्सी किंवा बीटेक केल्यावर आयआयटी मुंबईत सुदूर संवेदनाशी संबंधित एमटेक असे रस्ते आहेत. पुढे संशोधन आणि नोकरीसाठी गोव्यातल्या दोना पावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था, हैदराबादचं इन्कॉइस, अहमदाबादचं इस्रोचं उपयोजन केंद्र. इन्कॉइस मच्छीमारांना मासे कुठे सापडण्याची शक्यता आहे ते कळवतं, तेही पाण्याचा रंग आणि तापमान पाहूनच.

पालकांनो, कायम नोकऱ्या थोड्या आहेत आणि पीएचडीची चार-पाच वर्षं धरूनच चालावं लागतं. नेट-जेआरएफ मिळाली तर सुरुवातीला महिना ३७ हजार रुपये मिळतात, म्हणजे त्या काळात मूल घरावर अवलंबून राहत नाही. आणि उपग्रहाची माहिती हाताळायला शिकलेल्या माणसाला शेती, वनं, पीकविमा या क्षेत्रांतही काम मिळतं. फक्त ‘इस्रोत लागेल’ या एकाच आशेवर प्रवेश घेऊ नका.

प्रवेशाआधी मुलाला कल आहे का ते घरीच तपासा. नासाची समुद्ररंगाची माहिती आणि ती उघडण्याचं सीडॅस हे सॉफ्टवेअर दोन्ही फुकट आहेत. अरबी समुद्राचा फेब्रुवारीचा आणि जुलैचा नकाशा शेजारी ठेवायला सांगा. फेब्रुवारीत उत्तरेकडे हिरवळ दाटलेली दिसेल. जुलैत पावसाळी वाऱ्यांमुळे ओमान-सोमालियाच्या किनाऱ्यालगत खालचं पोषक पाणी वर येतं, वनस्पती जोमाने वाढतात, पण नेमका तेव्हाच ढगांमुळे नकाशाचा मोठा भाग रिकामा राहतो. ती रिकामी जागा कशी भरायची, यावर मूल तासभर जेवण विसरून बसलं, तर त्याला या शाखेला खुशाल पाठवा. दहा मिनिटांत कंटाळलं, तर दुसरी वाट शोधायला अजून भरपूर वेळ आहे.