कॅज्युअल्टीत एकच गोष्ट सांग

परभणीला कॅज्युअल्टीत लागलीस म्हणून हे सांगते गं. शुगर-बीपीचा तोच पेशंट महिन्याभरात पुन्हा आला की तू चिडशील. चिडू नकोस. बहुतेक वेळा त्याला कुणी नीट सांगितलेलंच नसतं. ओपीडीत गर्दी असते, आणि बरं वाटत असताना माणूस ऐकतही नाही. मध्यरात्री घाम फुटून, शुद्ध हरपून आणलेल्या माणसाचे घरचे मात्र कान देऊन ऐकतात. पण आल्या आल्या नाही. तेव्हा त्यांच्या मनात ‘वाचेल ना?’ एवढंच असतं. ग्लुकोज चढतं, म्हातारी डोळे उघडते, चहा मागते. तेव्हा बोल.

सगळं मात्र सांगू नकोस. आहार, पाय, डोळे, किडनी एका दमात ऐकवलंस तर गेटबाहेर पडेपर्यंत काहीच उरत नाही. आज ज्या कारणानं इथं आणलं तेवढंच सांग. समज, गंगाखेडकडची आजी आहे, आषाढी एकादशीचा उपास धरला आणि शुगरची ग्लिमेपिराइडची गोळी रोजच्यासारखी घेतली, म्हणून साखर उतरली. तिला म्हण, “आजी, उपासाच्या आधी गोळीचं डॉक्टरांना विचारायचं.” रमजानच्या रोज्यालाही हेच. घरच्यांना सांग: घाम, थरथर, बावचळल्यासारखं झालं की तीन चमचे साखर पाण्यात, पंधरा मिनिटांनी रक्तातली साखर पुन्हा तपासा, 70 च्या खालीच असेल तर पुन्हा साखर, मग भाकरी. शुद्ध नसेल तर तोंडात काही घालायचं नाही, 108 लावायचा. या गोळीचा असर दिवसभर टिकतो, साखर पुन्हा उतरू शकते. म्हणून घरी सोडायची घाई दिसली तर डॉक्टरांना आठवण करायला लाजू नकोस.

सही मुलगा करतो, पण गोळ्या काढून देते सून. तिला पुढं बोलाव. ‘समजलं का?’ विचारलंस तर सगळे मान डोलावतात. त्यापेक्षा “घरी जावेला हे कसं सांगाल?” असं विचार. चुकली तर आपलं सांगणं कच्चं, पुन्हा सांग.

इन्सुलिनवाल्यांना तर करूनच दाखव. मे महिन्यात इथला पारा 42 च्या वर जातो आणि फ्रीज सगळ्यांकडे नसतो. कुपी डबीत बंद करून ओल्या वाळूवरच्या मडक्यात ठेवायला शिकव. फ्रीज असेल तर बर्फाच्या कप्प्यात नाही. गोठलेलं इन्सुलिन वाया जातं.

आणि पुढचं ठिकाण सांगितल्याशिवाय सोडू नकोस. बीपी-शुगरची तपासणी जवळच्या आरोग्य केंद्रातही होते. 15 ऑगस्ट 2023 पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपर आणि उपचार मोफत आहेत, हे ठाऊक नसलेले लोक अजून पैसे असतील तेव्हाच गोळी विकत घेतात. कागदावर ठिकाण आणि तारीख मराठीत, ठळक लिही, आणि जाण्याआधी सुनेकडून एकदा वाचून घे.