टिंब आईचं, हिशोब तुझा

अगं, काल फोनवर तू इतकी हळू बोलत होतीस की मला वाटलं, सासूबाई शेजारीच बसल्यात. मग मागून पाण्याचा आवाज आला. न्हाणीघरात नळ सोडून बोलायचं वय राहिलंय का आपलं? असो. हे निवांत वाच.

ॲप सांगतंय सहा दिवस उशीर, आणि टेस्टवर एकच रेघ. आधी एक आठव. गौरींना गोळ्या घेतल्या होत्यास ना, पाळी पुढे ढकलायच्या? मीही घेतल्यात एके काळी, त्यामुळे ओरडणार नाही. पण त्या गोळ्या थांबवल्या की दोन-तीन दिवसांत जे जातं ते औषध थांबल्यामुळे. तुझ्या शरीराने आपल्या तालावर आणलेली ती पाळी नव्हे. ॲपने तीच तारीख धरून पुढचा महिना मांडला. गौरी कधी जेवल्या नि कधी गेल्या, हे त्याला कोण सांगणार? तो महिना हिशोबातून काढून टाक. आणि मूल हवंय असं ठरवलंय, तर असल्या गोळ्या आपल्या मनाने घ्यायच्या नाहीत. सवाष्णीला वाढायला दुसरं कुणीतरी सापडतं.

आईच्या कालनिर्णयवरची टिंबं आठवतात तुला? दुधाचे खाडे, सिलिंडर लावल्याची तारीख, आणि कोपऱ्यात पेन्सिलीचं बारीक टिंब. मला तो छपाईचा डाग वाटायचा. मला कावळा शिवला तेव्हा तिने शेजारी माझ्या नावाचं दुसरं टिंब सुरू केलं, मग उलगडा झाला. मागच्या दिवाळीत माळा आवरताना जुनी कालनिर्णयं हाती लागली. मागच्या पाककृतींसाठी जपून ठेवलीत तिने. मी मांडी घालून बसले आणि मोजत गेले. आईची पाळी कधी २७ दिवसांनी, कधी ३३. बाबा आजारी होते त्या वर्षी एकदा थेट ४१. इतकी वर्षं टिंबं दिली, पण दोन टिंबांमधलं अंतर तिने एकदाही मोजलं नाही. कशाला मोजेल? सत्यनारायणाच्या दिवशी अडचण येईल का, एवढंच त्यातून बघायचं होतं. नोंद देवघरासाठी होती.

तू ती स्वतःसाठी कर. नुसता डाग दिसला तो दिवस धरायचा नाही. नीट स्राव सुरू झाला तो पहिला दिवस. तिथून पुढच्या पाळीच्या आदल्या दिवसापर्यंत मोजायचं. तू सांगितलेल्या, गोळ्यांच्या आधीच्या तारखा मी मोजल्या: ३१, २९, ३४, ३६, ३०. यात काही बिघडलेलं नाही. मोठ्या बाईची पाळी साधारण २१ ते ३५ दिवसांत येते, आणि एखाद्या महिन्याने हद्द ओलांडली म्हणून आकाश कोसळत नाही. घड्याळासारखी २८ दिवसांनी येणारी बाई असते, पण ती तू नाहीस, मीही नाही.

आता त्या शेजारच्या काकूंच्या चौदाव्या दिवसाचं. चौदा हा आकडा बरोबर आहे, पण तो मागून मोजायचा असतो. अंडं सुटलं की साधारण दोन आठवड्यांनी पाळी येते, आणि हा मागचा भाग फारसा हलत नाही. जी काही ओढाताण होते ती अंडं सुटायच्या आधीच्या दिवसांत. ताप, मोठा प्रवास, एकदम घटलेलं वजन, मनावरचा ताण, यांनी अंडं सुटणं लांबतं. म्हणून 'पाळी उशिरा आली' याचा अर्थ बहुतेक वेळा 'अंडं उशिरा सुटलं' एवढाच. तुझ्या ३६ दिवसांच्या महिन्यात ते बाविसाव्या दिवसाच्या आसपास सुटलं असणार. तुम्ही दोघं मात्र काकूंचं ऐकून चौदाव्या दिवशी रजा टाकलीत, आणि पुढच्या आठवड्यात तुझा नवरा टूरवर. मग दिवस राहणार कसे?

हे मागून मोजायचं गणित तसं जुनं नाही. रघुनाथ धोंडो कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, तेव्हा अंडं नेमकं कधी सुटतं हे जगातल्या डॉक्टरांनाही धड माहीत नव्हतं. त्याआधीच्या शतकात युरोपातले डॉक्टर पाळीच्या आसपासचे दिवस दिवस राहण्याचे आणि मधले निर्धास्त, असं साफ उलटं सांगायचे. १९२४ मध्ये जपानच्या क्युसाकु ओगिनो या डॉक्टरने मांडलं की अंडं पुढच्या पाळीच्या १२ ते १६ दिवस आधी सुटतं. गंमत म्हणजे, आपलं गणित वापरून लोक मूल टाळायला लागले हे त्यालाच पसंत नव्हतं. बरोबरच होतं त्याचं. २९ ते ३६ अशी हिंदकळणारी तारीख असेल तर 'सुरक्षित दिवस' म्हणजे जुगार. उद्या दुसरं नको असेल तेव्हा नीट साधन वापर, बोटं मोजू नकोस.

पण मागून मोजायचं म्हणजे आधी पुढची पाळी यायला हवी. हे तर वरातीमागून घोडं. आधी कसं कळावं? त्यासाठी शरीर स्वतः सांगतं, आपण मात्र त्याला आजार म्हणत आलो. 'अंगावर पांढरं जातं' म्हटलं की आजी अशक्तपणाचं निदान करून मोकळी. तू जरा लक्ष ठेव. पाळीनंतर काही दिवस कोरडे जातात. मग खळीसारखं चिकट, पांढुरकं. आणि मग एक दिवस पारदर्शक, निसरडं, कच्च्या अंड्याच्या पांढऱ्यासारखं. दोन बोटांत धरून ताणलंस तर पाकाला यावी तशी तार येते. ही तार म्हणजे तुझे दिवस. त्या स्रावात पुरुषबीज पाच दिवसांपर्यंत तग धरतं, आणि अंडं सुटल्यावर जगतं जेमतेम १२ ते २४ तास. म्हणजे अंडं सुटायच्या आधीचे पाच दिवस आणि तो दिवस, एवढाच काय तो मोका. तेवढ्यात एक दिवसाआड जवळ आलात तरी पुष्कळ. नवऱ्याला ऑफिसातून बोलावून आणू नकोस, बिचारा घाबरेल. मात्र खाज सुटली, घाण वास आला, फाटलेल्या दुधासारखं किंवा हिरवट जायला लागलं, तर तो संसर्ग. तेव्हा डॉक्टरकडे.

दुसरी खूण थर्मामीटरची. सकाळी डोळे उघडले की अंथरुणातच, उठायच्या आणि चहाच्या आधी, रोज एकाच वेळी तोंडात धरायचा. समजा, आधी ९७.२ च्या आसपास असेल तर अंडं सुटल्यावर ९७.८ च्या आसपास जाऊन तिथेच राहतो. एवढासा फरक. म्हणून दोन दशांश दाखवणारा डिजिटल घे. पण पारा चढलेला दिसतो तेव्हा अंडं सुटून गेलेलं असतं, हे विसरू नकोस. त्या महिन्यात काम नाही झालं तरी दोन-तीन महिन्यांच्या नोंदीतून तुझी चाल कळते. औषधाच्या दुकानातलं लघवीचं किट एक-दीड दिवस आधी सांगतं, पण पीसीओडी असेल तर ते फसवतं. रोज रोज त्यावर पैसे घालवू नकोस.

तू एकतीसची आहेस. वर्षभर प्रयत्न करून दिवस राहिले नाहीत तर डॉक्टरांकडे जायचं. पस्तिशीनंतर सहाच महिने थांबायचं. तीन महिने पाळीच नाही, तासा-दोन तासाला पॅड भिजतोय, आठवडा उलटूनही थांबत नाही, मधेच रक्त दिसतंय, तर तेवढंही थांबू नकोस. मी गेले होते तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, शेवटची पाळी कधी? मी म्हटलं, संक्रांतीच्या आसपास. बाई पेन खाली ठेवून माझ्याकडे बघत राहिल्या. तू वही घेऊन जा. आणि नवऱ्याला बरोबर ने. त्याची वीर्यतपासणी स्वस्त आहे, काही टोचावं लागत नाही, आणि कितीतरी जोडप्यांत कारण त्याच्याकडेच असतं. आपल्याकडे मात्र बाईची सोनोग्राफी, थायरॉइड, दुर्बीण सगळं उरकतं, मग कुणाला तरी त्याची आठवण होते. सासूबाई काही म्हणाल्या तर माझं नाव सांग.

आजची एक रेघ मनाला लावून घेऊ नकोस. गोळ्यांनंतर अंडंच उशिरा सुटलं असेल, तर टेस्टला अजून काही दिसायचं नाही. आठवड्याने पुन्हा कर, सकाळच्या पहिल्या लघवीची. पाळी आली तर वहीत पहिला दिवस लिही. दोन रेघा आल्या तर फोन कर, रात्री-अपरात्री चालेल.