गोठविलेले ऊतक आणि सीवनकर्माची परीक्षा

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील नवव्या अध्यायात सीवनाची योग्या मऊ कातड्याच्या कडांवर आणि सिरावेधाची मृत पशूच्या सिरांवर करावी, असे सांगितले आहे. पशुशल्यसंशोधकाची आजची रीत याहून फार वेगळी नाही. मात्र त्याचे द्रव्य पुष्कळदा शीतपेटीतून येते. मृत श्वानाचे आंत्र उणे २० अंश सेल्सिअसला साठवावे, सोयीच्या दिवशी वितळवावे, टाके घालून आत द्रव भरावा व कोणत्या दाबास गळती होते ते मोजावे. अशा वेळी मोजले जाते ते टाक्यांचे बल, की गोठण्याने झालेली हानी?

पाणी गोठताना सुमारे ९ टक्के प्रसरण पावते, परंतु हानीचे कारण तेवढेच नव्हे. संथ गोठवणीत बर्फाचे स्फटिक प्रथम पेशींबाहेर होतात. उरलेला द्रव अधिक क्षारयुक्त बनून पेशींतील पाणी ओढून घेतो. वितळताना लहान स्फटिक एकत्र येऊन मोठे होतात, पेशींची आवरणे फाटतात आणि आतील विकरे मोकळी होऊन ऊतकाचे पचन करू लागतात.

सर्व ऊतकांवर हा परिणाम सारखा होत नाही. सशाच्या गुडघ्यातील स्नायू (हा शब्द येथे संहितोक्त अर्थाने, मांसपेशी या अर्थाने नव्हे) उणे २० अंशांवर दीड ते तीन महिने ठेवूनही त्याच्या बलात लक्षणीय फरक पडला नाही, असे १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. कोलॅजनचे तंतू चिवट असतात. आंत्रात टाका धरून ठेवतो तो श्लेष्मल त्वचेखालील तंतुमय स्तर, हे हॉल्स्टेड यांनी १८८७ साली श्वानांवरील प्रयोगांतून दाखविले. तेव्हा गोठवणीनंतरही टाका धरेल. परंतु श्लेष्मल त्वचा व मांसस्तर विस्कटलेले असल्याने सुईच्या छिद्रातून होणारी गळती ताज्या आंत्रासारखीच असेल, असे गृहीत धरता येत नाही.

म्हणून एक गट ताजा व दुसरा गोठविलेला घेऊन दोन सीवनपद्धतींची तुलना करणे, हा माझ्या मते अक्षम्य दोष होय. दोन्ही गटांचे नमुने सारखेच गोठवावेत, ओलसर ठेवून ४ अंशांवर सावकाश वितळवावेत, पुन्हा गोठवू नयेत. सूक्ष्मदर्शी परीक्षणाचा तुकडा गोठवणीपूर्वीच फॉर्मॅलिनमध्ये घालावा. शिवाय मृत आंत्राची परीक्षा केवळ सीवनाच्या क्षणाविषयी बोलते. जिवंत श्वानात सीवन सुटण्याचे भय बहुधा तिसऱ्या ते पाचव्या दिवशी असते.