क्षमा आणि न्याय : दीघावूच्या कथेवरून एक अभ्यास

माणसाच्या वाट्याला येणारे सर्वच दुःख त्याच्या स्वतःच्या करणीचे नसते. बाप दारूच्या आहारी जातो आणि मुलांचे शिक्षण सुटते. भाऊ न सांगता कागदावर बहिणीचा अंगठा घेतो आणि तिचा जमिनीतील हिस्सा जातो. निर्णय एकाचा, भोग मात्र दुसऱ्याला. अशा दुखावलेल्या माणसाला कोणी 'क्षमा कर' असे सांगितले, तर त्याच्या मनात रास्त प्रश्न उभा राहतो : मग माझ्यावर झालेल्या अन्यायाचे काय? या प्रश्नाला धम्माचे उत्तर काय, याचा विचार प्रस्तुत पाठात करावयाचा आहे.

विनयपिटकातील महावग्गाच्या दहाव्या खंधकात दीघावू कुमाराची कथा येते. काशीचा राजा ब्रह्मदत्त याने कोसलचा राजा दीघीती याचे राज्य हिरावून घेतले. दीघीती आणि त्याची राणी वेष बदलून वाराणसीत एका कुंभाराच्या घरी राहू लागले. पुढे त्यांच्याच जुन्या न्हाव्याने ब्रह्मदत्ताला खबर दिली व दोघांनाही ठार करण्यात आले. मरणापूर्वी पित्याने पुत्राला सांगितले, की वैराने वैर कधीच मिटत नाही.

दीघावू ओळख लपवून ब्रह्मदत्ताच्या चाकरीत शिरला आणि त्याचा विश्वासू सेवक झाला. एके दिवशी अरण्यात दमलेला राजा त्याच्या मांडीवर डोके ठेवून झोपी गेला. दीघावूने तीन वेळा तलवार उपसली आणि पित्याचे शब्द आठवून तीन वेळा म्यान केली. राजा दचकून जागा झाला तेव्हा त्याने आपली ओळख सांगितली. अखेर दोघांनी परस्परांना अभय दिले आणि ब्रह्मदत्ताने कोसलचे राज्य परत केले.

या कथेतील दोन गोष्टी विशेष ध्यानात घेण्यासारख्या आहेत. पहिली, दीघावू झालेला अन्याय झाकत नाही. तुम्ही आमचे राज्य घेतले, माझ्या आईबापांना मारले, हे तो राजाला तोंडावर सांगतो. दुसरी, राज्य परत मिळते. म्हणजेच क्षमा म्हणजे विसरणे नव्हे, आणि हक्क सोडून देणेही नव्हे. सोडायचा असतो तो फक्त सूड.

ही कथा भगवान बुद्धांनी कोसंबीच्या भांडणाऱ्या भिक्खूंना सांगितली. परंतु त्यांनी ती ऐकली नाही. तेव्हा भगवान तेथून निघून गेले. मग कोसंबीच्या उपासकांनी त्या भिक्खूंना वंदन करणे व भिक्षा देणे थांबविले. त्यानंतरच भिक्खू वठणीवर आले, दोषाची कबुली दिली गेली आणि संघात समेट झाला. यावरून असे दिसते, की अपराध्यापासून दूर राहणे हे वैर नव्हे. जो चूक मान्य करीत नाही, उलट पुन्हा इजा करतो, त्याच्या घरी परत जाऊन नांदणे म्हणजेच क्षमा, असे कोणी सांगत असेल तर तो धम्म नव्हे.

आपल्या चळवळीच्या इतिहासातही हाच धडा आहे. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी घेतल्यानंतर परिषदेसाठी आलेल्या आपल्या लोकांवर हल्ला झाला. बदला घेण्यास सिद्ध झालेल्या अनुयायांना परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आवरले. पण पाण्यावरचा हक्क त्यांनी सोडला नाही. विरोधकांनी लावलेला दावा ते वर्षानुवर्षे लढले आणि १९३७ साली मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूने लागला. हात आवरला, हक्क आवरला नाही.

आता मनाच्या जखमेविषयी. पाचव्या शतकात आचार्य बुद्धघोषांनी श्रीलंकेत लिहिलेल्या विसुद्धिमग्ग या ग्रंथात मैत्रीभावनेचा क्रम दिला आहे. आरंभ शत्रूपासून करू नये. प्रथम स्वतःविषयी मैत्री, नंतर आदरणीय व प्रिय व्यक्ती, नंतर तटस्थ व्यक्ती आणि सर्वांत शेवटी वैरी. वैऱ्याचे स्मरण होताच क्रोध उसळला, तर मागे परतून पुन्हा आधीच्या पायरीवर यावे. या क्रमात मोठी करुणा आहे. दुखावलेल्या माणसाने आधी स्वतःला सावरावे. ज्याला आज क्षमा जमत नाही तो अपराधी ठरत नाही. द्वेष मनात धरल्याने इजा करणाऱ्याचे काही बिघडत नाही. झोप उडते ती आपली. म्हणून द्वेष सोडणे हे प्रथम आपल्याच हिताचे आहे.

दीघावूनेही तलवार एकदाच म्यान केली नाही. त्याला ती तीनदा करावी लागली. आपल्यालाही मन पुन्हा पुन्हा आवरावे लागेल. त्यात कमीपणा नाही.

मननासाठी प्रश्न :
१. सूड आणि न्याय यांत फरक कोणता?
२. कोसंबीच्या उपासकांचे वर्तन मैत्रीला धरून होते काय?
३. मैत्रीभावनेचा आरंभ स्वतःपासून का करावा?